पाणीटाकीचा थांबा

१

खाणीच्या फाटकापासून बाजारापर्यंत ट्रामचा सगळा रस्ता उताराचा होता. वर जाताना मोटार कण्हायची आणि खाली येताना ड्रायव्हरचे दंड भरून यायचे, कारण ब्रेकचं चाक हातानं फिरवावं लागे. त्या चाकावर दाजींनी उमर काढली होती. त्यांचा मेहुणा त्याच गाडीवर कंडक्टर. तो त्यांना दाजी म्हणे, म्हणून सगळं गाव दाजी म्हणू लागलं. पोलीससुद्धा आणि पोस्टमनसुद्धा. दाजींना ते फारसं आवडत नसे, पण ते कधी बोलले नाहीत. बोलणं हा त्यांचा धंदा नव्हता.

खाण चालू होती तेव्हा या रुळांवर गाडीमागे गाडी लागलेली असे. पाळी सुटली की डबा काळ्याठिक्कर माणसांनी खच्चून भरे. बाकांवर म्हातारे, मधे उभे तरणे, मागच्या पायरीवर लोंबकळणारे. त्या गर्दीतून कंडक्टरला घंटीच्या दोरीपर्यंत पोचता येत नसे. म्हणून खाणफाटकावर एक रीत पडली होती. जो शेवटी चढेल त्यानं आपल्या दिव्यानं मागच्या पितळी खांबावर दोनदा ठोकायचं. टण, टण. म्हणजे सगळे आले. ही खूण ऐकल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही. आणि फाटकातूनच उतार लागत असल्यानं, गाडी सोडताना मागे वळून बघायचं नाही.

आता खाण बंद होती. कोळसा संपला नव्हता, पण तो काढणं परवडत नाही असं वर कोणीतरी ठरवलं. माणसं गेली, दुकानं गेली, शाळेची घंटा कोणीतरी काढून नेली. तीन गाड्यांपैकी दोन गाड्या तिसरीला सुटे भाग देता देता सांगाडे झाल्या. ती तिसरी दाजींची. महिनाअखेरीला तीही बंद व्हायची होती, आणि त्याच दिवशी नळाचं पाणी आणि वीज.

सगळ्यांत आधी बंद झाले ते खाणीतले पंप. इतकी वर्षं ते अखंड खालचं पाणी उपसत होते. त्यांची धडधड गावाला कधी ऐकू येत नसे. ती थांबली तेव्हा ऐकू आली.

त्याच दिवशी दाजी पाळी सुटायच्या वेळची गाडी घेऊन खाणफाटकावरून निघाले. पाळी कुठली, पण वेळ तीच ठेवलेली. डब्यात फाटकाचा चौकीदार आणि त्याची शेळी. शाळेच्या वळणावर दाजींनी ब्रेकचे दोन फेरे दिले. रिकाम्या गाडीला दोन पुरत.

गाडी थांबली नाही. तिसरा फेरा दिला तरी ती रेटा देतच राहिली. दाजींनी वाळूची पेटी पायानं दाबून रुळांवर वाळू सोडली, चाकावर अंग टाकलं, तेव्हा कुठे ती थांबा ओलांडून, गटाराच्या कडेला येऊन टेकली.

"दाजी, हात गेला तुमचा," मागून मेहुणा म्हणाला. "वय झालं की ब्रेक आधी माणसाचे जातात."

दाजींचा हात गेला नव्हता. त्या हाताला एवढं पक्कं ठाऊक होतं की गाडी भरलेली होती. साठ माणसांनी भरलेली.

२

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी मिस्त्रीच्या खड्ड्यावर घेतली. मिस्त्री खाली उतरला, ब्रेकचे ठोकळे पाहिले, साखळी ओढून पाहिली, स्प्रिंगांवर हातोडी मारली. सगळं ठणठणीत होतं. रूळ ओले असतील, तो म्हणाला. आठ दिवस पावसाचा थेंब नव्हता. दाजींनी त्याला तसं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की मग तुम्ही म्हातारे झालात. ही दोन दिवसांत दुसरी वेळ.

दाजींनी मनाशी हिशेब मांडला. तार जुनी आहे, वीज कमीजास्त येते. चाकं झिजली आहेत. कारणं भरपूर होती आणि एकेक कारण पटण्यासारखं होतं. फक्त वर जाताना गाडी हलकी असे. जड व्हायची ती खाणफाटकावर, उभी असताना.

ते त्यांना त्याच दिवशी कळलं. खाणफाटकावर गाडी उभी होती. चौकीदार आणि शेळी चढून बसली होती. दाजी सुटायच्या बेतात होते, तेवढ्यात गाडी बसू लागली. हळूहळू. एकेक पाय पायरीवर पडावा आणि स्प्रिंग दबावी, तसा करकर आवाज. मग थांबला. शेळी ओरडायची बंद झाली.

मग मागच्या खांबावर ठोका पडला. टण, टण.

दाजींनी हँडल फिरवलं. मागे पाहिलं नाही. ती सवय होती, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

मेहुणा डब्यातून पुढे आला आणि त्यांच्याशेजारी उभा राहिला. ड्रायव्हरजवळ उभं राहायला कंडक्टरला मनाई होती, हे त्यालाही माहीत होतं. त्याची तिकिटांची पेटी छातीशी धरलेली होती. कायम कात्रीसारखं चालणारं त्याचं तोंड बाजारापर्यंत उघडलं नाही.

बाजारात गाडी रिकामी झाल्यावर दाजी डब्यात गेले. चौकीदार शेळीला ओढत केव्हाच खाली उतरला होता. लाकडी बाकं ओली होती. त्यांनी हात फिरवला. पाणी थंडगार होतं आणि बोटं काळी झाली.

"तू ठोकलंस?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"मी पुढच्या दाराशी होतो," मेहुणा म्हणाला. "दाजी, तिकिटं कोणाला फाडू ते तेवढं सांगा."

३

पाणीटाकीच्या थांब्यासमोर खाणकामगारांच्या घरांची रांग होती. त्यातल्या शेवटच्या दोन घरांत दाजी आणि त्यांची वहिनी राहत. दाजींची बायको गेली, वहिनींचा नवरा गेला. मधल्या भिंतीला दार पाडलेलं होतं. जेवण वहिनींकडे.

वहिनींचा नवरा म्हणजे दाजींचा थोरला भाऊ. कितीतरी वर्षांपूर्वी खाणीच्या खालच्या गॅलरीत, म्हणजे तळाच्या बोगद्यात, पाणी घुसलं तेव्हा तो आत होता. त्याच्यासकट साठजण. पाणी हटेना. शेवटी गॅलरीच्या तोंडाला भिंत घातली. एकही माणूस वर आणता आला नाही.

खाणीतून आलेल्या माणसाला आधी आंघोळ लागते. आणि त्याला स्वतःची पाठ चोळता येत नाही, ती बायकोनं चोळायची. म्हणून भोंगा झाला की घराघरांत पाणी तापत असे. भिंत घातल्यावरही काही बायकांनी पाणी ठेवणं सोडलं नाही. आधी लोकांनी समजावलं, मग नावं ठेवली, मग सवय झाली. वहिनी रोज संध्याकाळी बंब पेटवत, मोरीत लोखंडी टब ठेवत, टॉवेल खुंटीला लावत. पाणी निवलं की झाडांना घालत. त्यांची टवटवीत वाढलेली झाडं हीच काय ती या रस्त्यावरची हिरवळ.

आता हा बंबच गळ्यात अडकला होता. पुतणी बंदराच्या शहरात राहत होती. तिचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. दोन खोल्या तिनं यांच्यासाठी रिकाम्या केल्या होत्या. मागच्या वेळी ती आली तेव्हा आईच्या पायाशी बसून रडली होती. आई येत नाही म्हणाली. जाताना ती दाजींना म्हणाली, काका, नळ बंद झाल्यावर ती इथं काय करील? आणि माझ्याजवळ कोण असेल?

वहिनी आल्या नाहीत तर दाजीही जाणार नव्हते. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

"वहिनी, मी सामान बांधायला घेतो," त्या रात्री जेवताना ते म्हणाले.

"तुमचं बांधा, भावोजी."

"तिला तुमची गरज आहे."

"तिला माझी आहे. मला ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या पानात आणखी भात वाढला. "पण मी गेले आणि इथं कोणी आलं, तर दार कोण उघडील?"

बाकावरचं पाणी अजून दाजींच्या नखांत काळं होतं. ती बोटं त्यांनी ताटाखाली लपवली.

४

तिसऱ्या दिवसापासून दाजी कान लावून बसू लागले. खाणफाटकावर गाडी भरे, ठोका पडे, गाडी उतरू लागे. मग एकेका थांब्यावर ती हलकी होई. बरेचसे शेवटपर्यंत येत आणि बाजारात उतरत, स्टेशनासमोर. त्यांची घरं केव्हाच रिकामी झाली होती आणि माणसं रेल्वेनं दूर गेली होती. पण काही वाटेतच उतरत.

शाळेच्या थांब्यावर मागची पायरी करकरली आणि एकजण उतरला. दाजींनी समोरच्या रुळांवरून नजर हलवली नाही. त्या थांब्यापाशी सुतारीण राहत होती. ती म्हणे, मला उचलून न्या, नाहीतर मी जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराला कुलूप होतं. दारासमोर टब उपडा घातलेला आणि गटारापर्यंत काळ्या पाण्याचा ओघळ.

त्यानंतर दिवेवाल्या मावशीची पाळी आली. खाणीत उतरणाऱ्यांना ती दिवे द्यायची, म्हणून हे नाव. तिचा नवरा त्या साठांतला. तिच्या कोपऱ्यावर गाडी हलकी झाली आणि सकाळी तिचंही घर बंद. शेजारी कोणी उरलंच नव्हतं, विचारणार कोणाला? दाजींनी खिडकीतून आत पाहिलं. अंथरूण नीट गुंडाळलेलं. जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे. दारातून मोरीपर्यंत जाणारे. मोरीतून परत येणारे नव्हते.

भूतखेत मानणाऱ्यांतले दाजी नव्हते. पण माणसं नाहीशी होत आहेत हे त्यांना दिसत होतं. जे वर येतंय ते ज्या घरी उतरतं, ते घर सकाळी रिकामं होतं. आणि पाणीटाकीच्या थांब्यावर एकच बाई बंब पेटवून, दार उघडं टाकून बसली होती.

"पाणीटाकीला गाडी थांबवायची नाही," ते मेहुण्याला म्हणाले.

"आणि तिथं कोणाला उतरायचं असलं तर?"

"बाजारात उतरेल."

मेहुण्यानं त्यांच्याकडे पाहिलं. एरवी त्यानं यावर चार टोमणे मारले असते. त्यानं फक्त मान हलवली.

५

त्या संध्याकाळी दाजींनी पाणीटाकीच्या थांब्यावर हँडल सोडलं नाही. वहिनींच्या घराचा दिवा डावीकडून सरकत गेला. बंबाचा धूर क्षणभर डब्यात शिरला.

मागून ठोका पडला. टण.

एकच. उतरायचं आहे, असं सांगणारा.

दाजींनी हँडल तसंच धरून ठेवलं. गाडी बाजारात गेली. तिथं बाकीचे उतरले. गाडी वर उचलली, पण पुरती नाही. मागच्या डाव्या कोपऱ्याकडे ती किंचित कलून राहिली. दाजींनी ती बाजारामागच्या ट्रामच्या कारखान्यात लावली, दिवा मालवला आणि दाराला कडी घातली. आतून फळीचा आवाज आला, जसं कोणी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकावा.

सकाळी ती तशीच कललेली होती. दिवसभर वर जाताना आणि खाली येताना मागची डावी फळी वळणावळणाला करकरत राहिली. मागच्या खांबाखाली पाण्याचं थारोळं साचे. मेहुणा ते पुसे, ते परत साचे. आणि रोज संध्याकाळी पाणीटाकीपाशी एक ठोका. दिवसेंदिवस हळू. शेवटी शेवटी तो ठोका नव्हताच, खांबावर नख टेकवल्यासारखं काहीतरी.

घरी वहिनी निवलेलं पाणी झाडांना घालत होत्या. त्यांनी दाजींना विचारलं की हल्ली गाडी इथं थांबत नाही का? रुळात बिघाड आहे, दाजी म्हणाले. त्यांनी वहिनींशी खोटं बोलण्याची ही पहिली वेळ. वहिनींनी समोरच्या रुळांकडे पाहिलं, त्यांवरून गाडी रोज बिनदिक्कत जात होती, आणि त्या आत गेल्या.

६

शेवटचा दिवस. दुपारी बाजारात गाडी उभी होती. निरोप द्यायला कोणी आलं नव्हतं. तेवढ्यात दाराशी एक गाठोडं आदळलं आणि त्यामागून दिवेवाली मावशी चढली.

दाजींचा हात चाकावरच राहिला.

"असे काय बघताय? मेले नाही मी," मावशी म्हणाली. भाचीकडे होती, चार गावं पलीकडे. जातं विसरलं होतं, ते न्यायला आली होती. नवं जातं का घेत नाहीस, असं मेहुण्यानं विचारलं, तर म्हणाली, तुझी जीभ घेते, चांगली दळेल. कितीतरी दिवसांनी मेहुणा हसला.

दाजींना हसू आलं नाही. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मावशी, तू न सांगता गेलीस."

"सांगायचं काय त्यात? काम संपलं, गेले." तिनं पदरानं तोंड पुसलं. तिचा चेहरा कसा सैल पडला होता, दात दुखायचा थांबल्यावर पडतो तसा. मग आवाज उतरवून, पण दुसरं काही सांगावं तितक्याच साधेपणानं ती म्हणाली, "पाठ चोळून दिली त्याची. दोन टब पाणी लागलं."

दाजींनी बाकाची कड धरली.

"मग?"

"मग काय. स्वच्छ झाला." ती खिडकीबाहेर बघू लागली. "एवढंच हवं होतं त्याला. आणि मला."

गाडी वर निघाली. शाळेच्या वळणावर मागची डावी फळी करकरली, आणि दाजींना एकदम आठवलं. खाणीतून येताना थोरला कधी बाकावर बसत नसे. म्हाताऱ्यांची जागा अडवायची नाही म्हणे. तो मागच्या खांबाला टेकून उभा राही, डाव्या हाताला, कारण त्याचा उजवा खांदा जुन्या मारानं वाकडा होता.

किती संध्याकाळी त्याला त्याच्या दारासमोरून परत नेलं? दाजींना मोजवेना.

७

खाणफाटकावर त्या दिवशी थोडेच चढले. चौकीदार शेळी घेऊन केव्हाच गाव सोडून गेला होता. दाजी दोन ठोक्यांची वाट बघत उभे राहिले. ते पडले, तेव्हा त्यांनी नेहमीपेक्षा हळू हँडल फिरवलं.

आपल्या कोपऱ्यावरून परत चढलेली मावशी जातं मांडीवर घेऊन, दिवे मोजावे तसं डब्यात इकडेतिकडे बघत होती. भीती म्हणून तिच्या चेहऱ्यावर नव्हती. एकदा तिनं पाय आखडून कोणाला तरी वाट दिली.

पाणीटाकीपाशी दाजींनी ब्रेक लावला. गाडी थांब्याच्या दगडाशी अचूक थांबली. वहिनींचं दार उघडं होतं. बंबाचा धूर सरळ वर जात होता.

कोणी उतरलं नाही.

मेहुण्यानं घंटी वाजवली. एकदा. पुन्हा. मागची फळी गप्प होती. दाजींच्या पाठीला गार वारा लागला, ओल्या कपड्यावरून यावा तसा. कोणीतरी अगदी जवळ येऊन उभं होतं. कोळशाचा आणि साचलेल्या पाण्याचा वास आला. दाजींची मान वळेना आणि वळवायचीही नव्हती. लहानपणी काही चुकलं की थोरला असाच मागे येऊन उभा राही. ओरडत नसे. चूक कबूल होईपर्यंत नुसता उभा.

दाजींनी टोपी काढली.

"थोरल्या," ते रुळांकडे बघत म्हणाले, "घर आलं. मी भ्यालो होतो. उतर."

मग त्यांच्या टोपी काढलेल्या डोक्यावर काहीतरी टेकलं, जड आणि ओलं, आणि उचललं गेलं. फळी करकरली. पायरी दबली. गाडीचा मागचा कोपरा कित्येक दिवसांनी सरळ झाला.

समोर घंटेचं पितळ होतं. मेहुणा ते रोज घासून लखलखीत ठेवी. त्यात दाजींना आपलं तोंड दिसत होतं, तोंडामागे गाडीचं दार, दारापलीकडे घराची वाट. त्या वाटेवर एक पाठ. काळी, रुंद, उजवा खांदा खाली. दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि बाजूला झाल्या, आत यायला जागा दिली.

मग उरलं ते नुसतं पितळ.

दाजींनी टोपी घातली आणि गाडी सोडली. बाजारात मावशी उतरली, बाकीचे उतरले. मेहुण्यानं तिकिटांची पेटी बंद केली आणि कारखान्याच्या दाराला कुलूप लावलं. उद्या स्टेशनावर भेटू म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "दाजी, डोक्यावर काळं लागलंय तुमच्या." दाजी म्हणाले, राहू दे.

ते घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. बंब विझलेला. टब दारासमोर उपडा, आणि झाडांच्या आळ्यांत पाणी काळं होऊन मुरत होतं. वहिनी पत्र्याच्या पेटीवर बसल्या होत्या. पेटीला कुलूप होतं. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"दोन वेळा पाणी बदललं," त्या म्हणाल्या. "खांदा अजून तसाच वाकडा आहे."

दाजी दाराच्या चौकटीला टेकले.

"गाडी किती वाजता आहे, भावोजी?"

"सकाळी."

"मग झोपा आता. पोरगी वाट बघत असेल." त्या उठल्या, खुंटीवरचा काळा झालेला टॉवेल घेतला आणि त्याची घडी घालून पेटीवर ठेवला. मग मान वर न करता म्हणाल्या, "आणि पुढं कधी रुळात बिघाड असला, तर मला सांगत जा. मी बाजारापर्यंत चालत आले असते."

दाजींनी मान खाली घातली. आतल्या खोलीत जाऊन ते आपलं सामान बांधू लागले. भिंतीपलीकडे वहिनी काहीतरी गुणगुणत होत्या. पाळणा होता तो, कित्येक वर्षं न गायलेला. मधेच शब्द विसरत होत्या आणि पुन्हा पहिल्यापासून धरत होत्या.